पाखरांची हजेरी

आखाडा बाळापूर आणि भोवतालच्या वीस-पंचवीस खेड्यांत पाखरांच्या नावाची जितकी माणसं आहेत, तितकी साऱ्या जगात शोधून सापडणार नाहीत, आणि ही सगळी नावं एकट्या आमच्या कवायतीच्या सरांनी ठेवलेली आहेत. मी टिटवी. हिंगोलीत दवाखाना असलेला एक भारदस्त डॉक्टर घुबड आहे. वसमतच्या एका शाळेची मुख्याध्यापिका साळुंकी आहे. एका गावचा माजी सरपंच वेडा राघू आहे, आणि भर प्रचारसभेत सरांनी त्याला त्या नावाने हाक मारली तेव्हा तो "आलो सर" म्हणून भाषण अर्धं टाकून खाली उतरला होता. सर निवृत्त होऊन जमाना झाला, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. एसटी स्टँडवर गाठ पडली की नमस्कार-चमत्कार नाही, आधी नखं तपासणार. "काहून रे टिटवे, पाठ वाकवून काहून चालून राहिला?" हे चार माणसांत विचारणार, आणि मी पन्नाशीला टेकलेला गृहस्थ चटकन ताठ होणार. माझ्या लग्नात त्यांनी दिलेल्या तांब्यावर ‘चि. टिटवी यास’ असं कोरलेलं आहे. ही टिटवी कोण, म्हणून बायको आठ दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.

या नावांचा उगम बाळापूरच्या पुढे, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या आठ एकर माळावरचा. मूलबाळ नसलेल्या एका म्हाताऱ्याने तो पोरांच्या उन्हाळी शिबिरासाठी एका संस्थेला देऊन टाकला होता. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, विहीर, चार कडुनिंब आणि पाण्याचा रांजण, एवढाच तिथला संसार. दर मे महिन्यात साठ-सत्तर पोरंपोरी तिथे पंधरा दिवस राहायची. अगदी पहिल्या वर्षी सरांना दिसलं की रांजणापाशी रांग नाही, घोळके आहेत, आणि कुणी कुणाच्या नंतर प्यायचं हे लेकरं घरूनच शिकून आली आहेत. सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फाटकाबाहेर काढून त्यांनी फर्मान सोडलं, "आडनाव चपलेसंगं भाईर ठेवायचं. आत आला की तू फकस्त पाखरू!" तेव्हापासून हजेरीवहीतसुद्धा पाखरंच लिहिली गेली. नाव नाही, बापाचं नाव नाही, गाव नाही. सर स्वतःही ती विसरले, आणि विसरल्याचा त्यांना कोण अभिमान!

पुढे रस्ता चौपदरी झाला आणि माळाला सोन्याचा भाव आला. संस्थेत आता जुन्या विश्वस्तांची मुलं होती. त्यांनी दोन वर्षं फाटकच उघडलं नाही, आणि मग जागा पडीक आहे, पोरं येत नाहीत, सबब विकायची परवानगी द्या, असा धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत अर्ज केला. मोजणीची माणसं आली त्या दिवशी सर फाटकात उभे होते. त्यांनी शिट्टी फुंकून "एका रांगेत!" असा हुकूम दिला, आणि काय सांगू, ती माणसं खरंच रांगेत उभी राहिली. त्यातला एकजण शिबिरातला जुना खंड्या निघाला. त्याने नखंही दाखवली. मग मान खाली घालून त्याने सबंध माळ मोजला. "मोजणी झ्याक केली पोरानं," एवढंच सर मला म्हणाले.

विक्रीला हरकत घेणारे सर एकटेच होते. सुनावणीला मी त्यांच्यासोबत गेलो. त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधलेल्या साऱ्या हजेरीवह्या सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवल्या. हाच त्यांचा पुरावा होता, त्यावर त्यांचा केवढा भरवसा! साहेबांनी एक वही उघडली आणि वाचलं, "टिटवी, खंड्या, होला, तांबट, साळुंकी..." संस्थेचा वकील म्हणाला, "साहेब, शिबिर माणसांच्या लेकरांचंच होतं ना?" सगळं दालन हसलं. खरं सांगतो, माझ्याही ओठांवर हसू आलं, आणि त्याची लाज मला आजतागायत वाटते. साहेब भला माणूस होता. त्याने महिन्याची मुदत दिली. "गुरुजी, शिबिरात आलेल्यांची पूर्ण नावं, गावं आणि सह्या आणा. मग मला काहीतरी करता येईल."

सर बाहेर आले आणि पायरीवर बसले. "उभ्या जन्मात कोन्या पोराला आडनाव इचारलं न्हाई. आता इचारत फिरू?" शेवटी ते काम मी अंगावर घेतलं. डॉक्टर घुबडाने तपासणी थांबवून सही केली. साळुंकी रडली, तिनेही केली. पण कागद जसजसा भरत गेला तसतशी एक गोष्ट होऊ लागली. लोक सही करण्याआधी वरची आडनावं वाचू लागले. एकजण म्हणाला, "यात आपले कमीच दिसायलेत." दुसऱ्याने कागद पालथा घालून विचारलं, "ह्यांच्या खाली मी सही करू व्हय? उद्या गावात तोंड दाखवायचंय मला." हीच ती पोरं, एका तांब्याने पाणी प्यायलेली. दोघांनी तर केलेल्या सह्या खोडल्या. आणि मी तरी काय, सोयीचं पडतं असं मनाला सांगत आधी आमच्याच लोकांच्या घरी गेलो होतो. मुदतीच्या आदल्या दिवशी मी तेवीस सह्यांचा तो कागद सरांना दिला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, खोडलेल्या दोन जागांवर बोट ठेवलं आणि मग कागदाची बारीक घडी घालून चुलीत सारला.

"सर, माळ जाईल!" मी ओरडलोच.

"ही मान्सं माझ्या शिबिरातली न्हाईत, टिटवे. हेच्या जोरावर माळ ठिवून काय करू?"

परवानगी मिळाली. आता तिथे हळदीचं गोदाम उभं राहतं आहे. कडुनिंब गेले, रांजणाचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. सरांचं बाहेर पडणं थांबलं. शिट्टी खुंटीला अडकवलेली असते. गेल्या पंधरवड्यात भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग कूस बदलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "खरं सांग. तुझं आडनाव काय रे?"

ज्यांनी ते आम्हाला विसरायला शिकवलं, त्यांच्यावर ते विचारायची वेळ आम्हीच आणली होती.

"चपलेसंगं भाईर ठिवलंय, सर," मी म्हणालो.

सरांनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला होत्या. "मग बराबर," ते पुटपुटले, आणि माझा हात ओढून घेऊन एकेक नख तपासू लागले.