एमेट प्रुइटचा सुजलेला घोटा

एमेट प्रुइट बेसबॉलमध्ये दुसऱ्या बेसवर खेळायचा. तिसऱ्या बेसचा माणूस आजारी पडला की तिकडे, दोघांच्या मधली जागा रिकामी झाली की तिथे. चौदा वर्षांत अकरा गावं झाली, पण स्वतःचे पडदे लावावेत असं घर एकाही गावात झालं नाही. हे त्याची बायको लोर्ना ऐकवायची, तेही मलाच. अमेरिकेत आयोवातल्या कार्व्हर गावी, खालच्या लीगमध्ये, तो चार वर्षं माझ्या संघात होता आणि मी तिथला मॅनेजर. पोरं तोंडावर मला मास्तर म्हणायची, पाठीमागे काय म्हणायची ते इथे नको.

बॅटने तो बेताचाच, पण त्याच्या हातून चेंडू निसटलेला मी क्वचित पाहिला. डाव सुरू व्हायच्या आधी तो वाकून आपल्यासमोरचे खडे वेचायचा आणि खिशात टाकायचा. खड्यावर आपटलेला चेंडू कुठे उडेल याचा नेम नसतो. ते खडे मग लोर्नाच्या कपडे धुण्याच्या मशीनमध्ये खडखडायचे. "मास्तर, तुमचं अर्धं मैदान माझ्या घरी आलंय, येऊन घेऊन जा," ती म्हणायची. एखाद्या नव्या पिचरचा धीर सुटला की एमेट त्याच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटायचा, पोरगं हसायचं आणि पुढचा चेंडू नीट टाकायचं. काय सांगतोस रे, म्हणून मी एकदा विचारलं. "काही नाही, आज लोर्नाने काय करपवलं ते," तो म्हणाला.

त्याला हवं होतं एवढंच, मोठ्या लीगमध्ये एक दिवस. "वरचे खडे कसे असतात ते तरी बघू दे की," म्हणायचा.

एकाहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्या नंबरावर होतो. उभ्या जन्मात मी काही जिंकलेलं नव्हतं. एका सकाळी वरून, आम्ही ज्यांना खेळाडू पुरवायचो त्या मोठ्या लीगच्या संघातून फोन आला. त्यांच्या दुसऱ्या बेसवाल्याचं बोट मोडलं होतं. "दहा दिवसांसाठी प्रुइटला पाठवून दे."

माझी बुद्धी शेण खायला गेली. एमेट गेला तर माझी पोरं आठवड्यात ढेपाळतील, एवढंच डोक्यात आलं. मी म्हणालो, "त्याचा घोटा सुजलाय. साल्सेडोला न्या." एमेटच्या घोट्याला काहीही झालेलं नव्हतं.

आमच्याच संघातल्या त्या रूडी साल्सेडोला विमानतळावर सोडायला एमेटच गेला. शिवाय आपला सगळ्यात चांगला ग्लोव्ह त्याला देऊन आला. रूडी तिथे सहा वर्षं टिकला. इकडे आम्ही स्पर्धा जिंकलो. तो चषक मी कपाटात मागे सरकवून ठेवलाय, समोर दिसला की जेवण जात नाही.

पुढच्या वर्षी एमेटला संघातून काढल्याचं मलाच त्याला सांगावं लागलं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मास्तर, खरं सांगा. इतक्या वर्षांत वरून कुणी एकदा तरी माझं नाव घेतलं?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही. "नाही रे. मी दरवर्षी सांगत होतो, त्यांनाच पटेना."

"असू द्या," तो म्हणाला. "तुम्ही सांगत होतात ना."

गेल्या ऑगस्टमध्ये दोनशे मैल गाडी हाकत मी त्याच्या गावी गेलो. सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच निघालो होतो. एमेट आता ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, गुडघे पार गेलेत. आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात शेजारी डोकावला.

"ये, ये. हे आमचे मास्तर," एमेट त्याला म्हणाला. "सबंध लीगमध्ये माझ्यासाठी वरच्यांशी भांडणारा हा एकच माणूस."

शेजाऱ्याने माझा हात हातात घेतला. लोर्ना म्हणाली, "तुमच्यामुळेच यांनी मनाला लावून घेतलं नाही, मास्तर. म्हणतात, निदान एकाला तरी माझी किंमत होती."

मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. लोर्नाला वाटलं मला आणखी हवंय, तिने मक्याचं कणीस माझ्या ताटात ठेवलं. मी ते खाल्लं, छान झालंय म्हणालो आणि दोनशे मैल परत आलो.