घरात असं कोणी आहे का?

वेलची घातलेल्या अरबी कॉफीचा वास आला की मला शारजातली ती बाई आठवते. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांविषयी लोकांना काय वाटतं, हे मोजायला मी कॉलेजतर्फे अरबी प्रश्नावली घेऊन घरोघर फिरत होते. 'घरात असं कोणी असेल तर लपवू नये,' या वाक्यापुढे तिने 'पूर्ण सहमत'वर खूण केली, मला कॉफी ओतून दिली आणि सहज विचारलं, "तुझ्या घरी आहे का कोणी?" माझी धाकटी बहीण तशीच आहे. तरी मी म्हणाले, "नाही." "माझी मुलगी आहे तशी," असं म्हणून तिने आत हाक मारली. मुलगी आली, माझा हात धरून बसली, सोडेचना. मी तेव्हा 'नाही' म्हणाले, हे बहिणीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती नुसती हसेल, आणि ते मला सोसणार नाही.