साहेबाचा एल्क आणि माझी रजा

एल्क हा प्राणी मी आजतागायत पाहिलेला नाही. तरी त्याच्याबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं माझ्या सख्ख्या मामेभावांबद्दलही नाही. सांबराचाच भाऊबंद, पण अंगाने घोड्याएवढा. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर फार लांबून त्याला माणसाचा वास लागतो. हे सगळं मी सौदीतल्या अल खोबरमध्ये शिकलो, जिथे माझ्या खिडकीतून पाण्याच्या टाक्या आणि समोरच्या इमारतीचे गळके एसी याखेरीज काही दिसत नसे. आणि शिकलो ते आवड म्हणून नव्हे, साहेबाला बरं वाटावं म्हणून. आज ते आठवलं की शिसारी येते.

साहेब अमेरिकन होता. एका बांधकाम कंपनीत आमच्या विभागाचा प्रमुख, आणि मी त्याच्या हाताखाली पगाराच्या सॉफ्टवेअरचं काम बघणारा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गुरुवार-शुक्रवार सुट्टी, खिशात इकामा, म्हणजे तिथल्या रहिवासाचं कार्ड, पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि देशाबाहेर पाऊल टाकायचं तर एक्झिट री-एन्ट्रीच्या अर्जावर साहेबाची सही. साहेब पन्नाशी ओलांडलेला, उंच, बोलायला मोकळा. पहिल्याच दिवशी म्हणाला, मला नावाने हाक मार. मी सात वर्षं 'सर'च म्हणत राहिलो.

त्याला वेड एकच. त्याच्या गावाकडच्या डोंगरात नर एल्क मारायचा तर सरकारी परवाना लागतो, त्याला टॅग म्हणतात. एका टॅगवर एक प्राणी, तोही ठरलेल्या डोंगरात, ठरलेल्या सात दिवसांत. बंदुकीने मारायचे टॅग इतके थोडे आणि मागणारे इतके जास्त, की आपल्याकडे सरकारी घरांची निघते तशी त्यांची दरवर्षी सोडत निघते. नंबर लागला नाही की तुमच्या नावावर एक गुण जमा होतो आणि पुढच्या वर्षीची आशा तेवढी वाढते. साहेब असे गुण सोळा वर्षं साठवत होता. सोळा वर्षं एका जनावराला मारायच्या परवानगीसाठी रांगेत उभं राहणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

अर्ज इंटरनेटवर भरायचा असे आणि साहेब दोन बोटांनी टाइप करायचा. दुसऱ्याच वर्षी मी म्हणालो, सर, द्या, मी भरतो. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दर फेब्रुवारीत ते काम माझं झालं. कुठला डोंगर पहिल्या पसंतीला, कुठला दुसऱ्या, कुठल्या खोऱ्यात मागच्या वर्षी बर्फ लवकर पडला, हे सगळं मी वाचून काढायचो आणि त्याच्या टेबलासमोर उभा राहून सांगायचो. तो खूश व्हायचा. त्याच्या खूश होण्यावर मी घरी दोन घास जास्त जेवायचो, आता काय सांगू!

एका एप्रिलमध्ये तो माझ्या टेबलापाशी धावत आला. त्याच्या कार्डावरून टॅगचे पैसे कापले गेले होते, आणि पैसे कापले गेले म्हणजे नंबर लागला. "आपला लागला!" तो ओरडला आणि त्याने सगळ्या ऑफिससमोर मला मिठी मारली. 'आपला' म्हणाला, 'माझा' नव्हे. त्या एका शब्दावर मी इतका फुगलो की संध्याकाळी मिठाईच्या दुकानातून अर्धा किलो काजूकतली घेऊन थेट त्याच्या कंपाउंडवर, म्हणजे गोऱ्या साहेबलोकांच्या वसाहतीत, गेलो. बायको म्हणाली, "आपल्या मुलीच्या निकालाला पाव किलो आणली होतीत." मी तिला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही.

मग तयारी सुरू झाली. डोंगर चढायचा, मारलेल्या प्राण्याचं मांस पाठीवर लादून उतरवायचं, तर अंगात ताकद हवी. सौदीत डोंगर कुठून आणणार? सप्टेंबरात उन्हाची धार जरा बोथट झाली की शुक्रवारी पहाटे साहेब हाफ मून बीचजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचा आणि पाठपिशवीत बासमतीच्या दहा-दहा किलोच्या दोन थैल्या घालून वर-खाली करायचा. त्याच्यामागे मी, पाच किलोची थैली घेऊन. कशासाठी? मला कुठला एल्क उचलायचा होता? तिथून जाणाऱ्या एका ट्रकवाल्या पठाणाने एकदा गाडी थांबवून विचारलं, "भाई, तांदूळ कुठे पोचवायचाय? बसा." साहेबाने काय म्हणतोय विचारलं. मी म्हणालो, तो तुम्हाला शुभेच्छा देतोय.

वर चढल्यावर साहेब तोंडात एक पिपाणी धरून एल्कच्या मादीचा आवाज काढायचा. आधी मांजर, मग दाराची बिजागरी, असं काहीसं ऐकू यायचं. मी म्हणायचो, "एकदम खरा वाटतो, सर."

त्याच महिन्यात गावाहून आईचा फोन आला. बहिणीचं लग्न ठरलं.

ही बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती दुसरीत होती. तिला सायकल मी शिकवली, दहावीचं गणित मी घेतलं, तिच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत मी उभा राहिलो. मी सौदीला निघालो तेव्हा ती एकच म्हणाली होती, "दादा, कन्यादान तू आणि वहिनीनेच करायचं. काकांनी नाही." काकांशी तिचं पटत नसे, त्याला कारणं होती. मी म्हटलं होतं, "अगं, मी नाही तर कोण करणार?" तुळशीची लग्नं झाल्यावर पहिला चांगला मुहूर्त धरला होता, नोव्हेंबरच्या अखेरीचा. तारीख ऐकली आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. टॅगचे सात दिवस तेच होते.

बरं, यात अडचण काय, असं कुणीही विचारेल. अडचण अशी की त्याच सुमारास आमची पगाराची नवी सिस्टिम सुरू व्हायची होती आणि साहेबाने आधीच सांगून ठेवलं होतं, आपण दोघांपैकी एक जण हजर पाहिजे. मी आठ दिवस वाक्यं जुळवत होतो. सर, माझ्या बहिणीचं लग्न आहे. सर, मला वडील नाहीत. इंग्रजीत, आरशासमोर, दाढी करताना. नवव्या दिवशी त्याच्या केबिनमध्ये गेलो तर टेबलावर त्या डोंगराचा नकाशा पसरलेला. त्याने मला हाताला धरून बसवलं, पेन्सिलीने खुणा दाखवल्या, इथे तंबू, इथे पाणी, इथे सकाळी वारा खाली वाहतो. अर्धा तास मी माना डोलावल्या. मग त्याने विचारलं, "तू काही कामाला आला होतास का?"

मी म्हणालो, "नोव्हेंबरच्या शेवटी मला थोडी रजा हवी होती, सर."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याच्या तोंडावरचा तो लहान मुलासारखा आनंद जरा उतरला. "महत्त्वाचं आहे का?" त्याने विचारलं. नीट विचारलं, माझ्याकडे बघून.

आणि मी म्हणालो, "नाही, नाही. तसं काही नाही. घरचा एक छोटा कार्यक्रम आहे."

"मग डिसेंबरात जा," तो हसून म्हणाला. "हवी तेवढी रजा घे. यल्ला, चल, हा ओढा बघ."

मी ओढा बघितला.

घरी येऊन बायकोला सांगितलं, साहेबाने रजा नाकारली. मी सांगितलं की मी त्याच्या अक्षरशः पाया पडायचा बाकी होतो, पण त्याला त्याची शिकार मोठी. बायको संतापली. बहिणीला फोनवर तेच सांगितलं. मग ती म्हणाली, "एका जनावरासाठी, दादा? माणूस आहे की कोण आहे तो?" मी म्हणालो, "असतात अशी माणसं. आपण परक्या देशात, आपलं काय चालतं?" माझा आवाज भरून आला होता. तो खरोखरच भरून आला होता, याचीच मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

बायको मुलीला घेऊन लग्नाला गेली. साहेब बंदुकीच्या गोळ्यांच्या गप्पा मारत त्याच्या डोंगरात गेला. मुहूर्ताच्या वेळी मी सर्व्हररूममध्ये होतो. चुलतभावाने मोबाइल धरून ठेवला होता, त्यातून सनई, भांडी आणि मंगलाष्टकांचा एक तुकडा ऐकू आला, मग लाइन तुटली. पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही. नंतर बायकोने सांगितलं, कन्यादानाला काका-काकू बसले. कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला. कान पिळताना त्याने नवऱ्या मुलाकडे काही मागितलंही नाही, लाजत होता. सगळ्यांनी बायकोला विचारलं, नवरोजी कुठेत? ती सगळ्यांना सांगत राहिली की साहेब नीच आहे.

दोन आठवड्यांनी साहेबाने एल्क मारल्याची पार्टी दिली. कंपाउंडमधल्या त्याच्या घरात टीव्हीला कॅमेरा जोडून फोटो लावले होते. पहिल्या फोटोत बर्फात पडलेला प्राणी, त्याची जीभ बाहेर लोंबलेली. पुढच्या फोटोत जीभ आत सारलेली, तोंडावरचं रक्त बर्फाने पुसलेलं, आणि मागे साहेब शिंगं धरून बसलेला. फोटोसाठी मेलेल्याचा चेहरा धुवायचा हा काय प्रकार! मग कातडी सोलताना, मग चार तंगड्या झाडाला टांगलेल्या. साहेबाने बॅगेतून लपवून आणलेल्या, वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या ताटलीत पुढे केल्या. मी तोवर आयुष्यात अंड्यापलीकडे गेलेलो नव्हतो. "तुझ्याशिवाय हे झालंच नसतं," तो म्हणाला. मी एक पट्टी तोंडात टाकली. जुन्या चपलेचा पट्टा चघळावा तसं ते लागत होतं आणि मिठाने जीभ जळत होती. मी म्हणालो, "फार छान आहे, सर." आणि दुसरी घेतली.

बायको हे बघत होती. ती घरातून न बोलायचं कबूल करून आली होती. पण माझ्या तोंडातली ती दुसरी पट्टी बघून तिचा बांध फुटला असावा. ती सरळ साहेबासमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तुम्ही या जनावरासाठी माझ्या नवऱ्याला त्याच्या बहिणीच्या लग्नाला जाऊ दिलं नाहीत. तिला वडील नाहीत. वडिलांच्या जागी हे बसणार होते."

साहेबाच्या हातातली ताटली तशीच राहिली. "कुठलं लग्न?" त्याने विचारलं.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. त्याला खरंच काही समजत नव्हतं. "तू म्हणालास छोटा कार्यक्रम आहे. मी तुला विचारलं होतं, महत्त्वाचं आहे का. सिस्टिम दोन आठवडे पुढे ढकलली असती, त्यात काय? मला बहीण आहे हे तुला माहीत आहे. तुला बहीण आहे हे तू मला कधी सांगितलंच नाहीस."

हे खरं होतं. मला त्याच्या बहिणीचं गाव माहीत होतं, तिच्या कुत्र्याचं नाव माहीत होतं, त्याच्या सोळा वर्षांचे सोळा नकार तोंडपाठ होते. त्याला माझं मूळ गावही ठाऊक नव्हतं, कारण त्याने विचारलं की मी नेहमी 'मुंबईजवळ' म्हणून मोकळा व्हायचो. त्याने माझ्या बायकोची माफी मागितली. मग माझीही मागितली. तो हात जोडायला लागला, आमच्यासारखे, त्याला जमेल तसे. मी तोंडातलं मांस गिळू शकत नव्हतो आणि थुंकायला जागा नव्हती.

गाडीत बायको समुद्राकडे तोंड करून बसली होती. घराजवळच्या सिग्नलला म्हणाली, "म्हणजे तुम्ही विचारलंच नव्हतंत."

मी म्हणालो, "विचारलं होतं. नीट नव्हतं विचारलं."

"वन्संना मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "ते तुम्ही सांगायचं." त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही, आणि तिने काढला असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं.

मी सांगितलेलं नाही. साहेब पुढे दोन वर्षांनी नोकरी सोडून आपल्या डोंगराकडे कायमचा गेला. दर नाताळाला त्याचं पत्र येतं. गुडघे दुखतात, आता शिकार बंद केली, असलं काहीबाही असतं, आणि शेवटी न चुकता विचारलेलं असतं: तुझी बहीण कशी आहे? तिला मुलं किती? कळव. बहिणीला आता दोन मुलगे आहेत. मी सुट्टीला गेलो की ती माझ्या आवडीचं सगळं रांधते आणि वाढता वाढता तिला तो साहेब आठवतोच. "त्या मुडद्याचं कधी भलं होणार नाही, दादा," ती माझ्या पानात वाढत म्हणते. "माझ्या भावाला रडवलं त्याने." मी मान खाली घालून जेवत राहतो.