सूर्य उलटा फिरणार!

जळकी मोटर बोईसरला कृष्णकांतकाकांच्या दुकानात आली की धडधाकट होऊनच परत जायची. तीस वर्षं मोटरींत तांब्याची तार गुंडाळणारे हे शिरगावचे वायंडर काका आपल्या शब्दाला भलतेच जपायचे. पण शब्द देऊन बसायचीही त्यांना भारी खोड.

दुसरा नाद सूर्याचा. रोज सकाळी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने टिपायचे. चुंबकाचा जोर एकवटतो तिथे डाग पडतो, डाग वाढले की स्फोट वाढतात, आणि अकराएक वर्षांनी ही धामधूम शिगेला पोचली की सूर्याचे उत्तर-दक्षिण ध्रुव उलटतात, एवढं त्यांनी वाचलं होतं. पुढचं त्यांनी स्वतःच ठरवलं.

"पोल उलटले म्हनजे सूर्य उलटा फिरनार!" दुकानात त्यांनी जाहीर केलं. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, हे त्यांचं रोजचंच. "नाय फिरला तर मी मोटरीला हात लावनार नाय!"

"काका, कशाला बोलता?" हेमांगी म्हणाली. सरावली गावची ही मुलगी सात वर्षं त्यांच्या हाताखाली होती.

ध्रुव उलटल्याची बातमी पेपरात आली. काकांनी कागद लावला. डाग नेहमीच्याच बाजूने निघाले आणि तेरा-चौदा दिवसांत नेहमीच्याच काठाआड गेले. दोन महिने तेच.

"काका, आपल्या मोटरीचे पोल सेकंदाला शंभरदा उलटतात," हेमांगी म्हणाली. "पन सगळेच उलटतात, म्हनून ती उलटी फिरत नाय."

मधल्या दोन महिन्यांत वाचलेलं जुळलं तसं काकांनी मांडीवर थाप मारली. "आनि सूर्य मोटर नायच गो! त्याचा मधला पट्टा भरभर फिरतो, टोकं रेंगाळतात. त्या ओढीत चुंबकाच्या रेषा गुंडाळल्या जातात. पीळ बसला की त्यांचे वेढे, आपले आटेच म्हन, वर उसळतात, तिथं डाग. पीळ तुटला की स्फोट. तो तर वायंडर हाय, आपल्याच धंद्यातला!"

"मग तुमचा शब्द?"

काकांचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि कामाची खुर्ची हेमांगीला दिली. ती गुंडाळत असलेल्या तारेचे आटे नुसत्या नजरेने मोजताना त्यांना फार वाईट वाटलं, हात शिवशिवत होते. एकदाही उठले नाहीत.

संध्याकाळी कारखान्याचा माणूस मोटर न्यायला आला. "काका, तुम्हीच बांधलीत ना?"

"हिनं बांधली. माज्यापेक्षा बरी बांधते," काका म्हणाले. "आनि हा शब्द मी विचार करून देतोय."