पथ्याचा लाडू आणि विटकरी नळी

पथ्याचे लाडू खाऊन ज्याच्या लघवीतली साखर उतरली असेल त्याने पुढे यावं. मी वाट बघते आहे. मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला, तरी अजून कुणी पुढे आलेलं नाही. फणसवाडीजवळच्या त्या दुकानात लाडू मात्र आजही विकले जातात, आणि त्यांच्या विक्रीत माझा वाटा आहे. तो कसा, ते सांगते.

आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहायचो. वडील, म्हणजे आमचे दादा, गिरणीत साचाखात्यात फिटर. मूळचे मालवणकडचे, त्यामुळे घरात मालवणी आणि बाहेर मराठी. चळवळीच्या त्या दिवसांत आमच्या मजल्यावरचा एकूण एक बाप्या तुरुंगात जाऊन आला होता. संध्याकाळी गॅलरीत सगळे बसले की तुरुंगातल्या गोष्टी निघायच्या. आमटी किती पातळ होती, कुठला वॉर्डर बिडीसाठी भुलायचा, कुणाच्या घोरण्याने बराक जागी राहिली. ज्याने त्याने आपापला तुरुंग वाढवून सांगायचा आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

दादांकडे सांगायला काही नव्हतं. सगळे जात होते तेव्हा त्यांच्या पायाला गळू झालं होतं. ते भरेना म्हणून इस्पितळात नेलं, तर तिथे कळलं की साखरेचा आजार आहे. शेजारचे काका मुद्दाम म्हणायचे, "तुमका काय, तुमी मस्त खाटेर पडान होतात." दादा म्हणायचे, "आमच्या वॉर्डातय एक पोलीस होतो." त्यावर गॅलरीभर हशा व्हायचा आणि दादा तांब्या घेऊन आत यायचे. आत येऊन भरलेलाच तांब्या पुन्हा भरायचे. हे मला दिसायचं. आईलाही दिसायचं.

पुढे सीमेकडे सत्याग्रहाला तुकड्या जायला लागल्या तेव्हा दादांनी ठरवलं की आता जायचंच. नाव द्यायला गेले तर तुकडीच्या प्रमुखांनी डॉक्टरची चिठ्ठी मागितली. त्यांचंही चुकत नव्हतं. आधीच्या तुकडीत साखरेचा आजार असलेला एक गृहस्थ ऐन घोषणांच्या वेळी चक्कर येऊन पडला होता. पोलिसांनी त्याला अटक करायला साफ नकार दिला, आणि त्याला उचलून नेण्यात सगळ्या तुकडीची अटक हुकली. तेव्हापासून नियम झाला होता, चिठ्ठी नाही तर तुरुंग नाही.

आमचे डॉक्टर भोईवाड्याच्या नाक्यावर बसायचे. त्यांच्याकडे काचेची एक नळी, एक स्पिरिटचा दिवा आणि एक निळं औषध होतं. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, उकळायचं. रंग निळा राहिला तर उत्तम. हिरवा झाला तर चालेल. पिवळा झाला तर सांभाळा. विटकरी झाला तर घरी बसा. दादांची नळी पहिल्यांदा हिरवट पिवळी झाली. डॉक्टर म्हणाले, पथ्य करा, महिन्याभराने या, चिठ्ठी देतो.

तेव्हा मी कॉलेज आणि चळवळीची कचेरी यांच्यात विभागलेली होते. निम्म्याहून जास्त कचेरीच्या वाट्याला आले होते. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. कचेरी फणसवाडीजवळ एका फराळाच्या दुकानाच्या माळ्यावर. जागा दुकानदाराने फुकट दिलेली, वर दुपारचा चहाही त्याचाच. याच दुकानाच्या फळीवर पाटी होती: "मधुमेहींसाठी खास पथ्याचे पदार्थ." मेथीचे लाडू, बिस्किटं, चिवडा, श्रीखंड. मी लाडू घरी नेले. वाटलं, चला, दादांचं तुरुंगात जायचं सोपं झालं.

आता काय झालं ते नीट ऐका. दादांना साधे लाडू कधी फार आवडायचे नाहीत. दिवाळीत एखादा खायचे, तोही आईने पुढे केला म्हणून. पण हा लाडू पथ्याचा होता. पथ्य पाळणं म्हणजे कर्तव्य, आणि कर्तव्यात आमचे दादा कधी मागे नाहीत. सकाळी चहाबरोबर पथ्य. पाळीवरून आल्यावर पथ्य. जेवल्यावर तोंड खराब वाटलं की पथ्य. आई म्हणाली, आता पुरे. तर म्हणाले, "ह्या पथ्य आसा. पथ्य अर्ध्यार सोडूचा नसता."

महिन्याने नळी पिवळीधमक झाली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? दादा छाती काढून म्हणाले, फक्त पथ्याचं. डॉक्टरांना गर्दी होती. म्हणाले, मग पथ्य आणखी कडक करा.

दादांनी कडक केलं. आता चहाबरोबरही दोन.

पुढच्या खेपेला नळी विटकरी झाली. नुसती विटकरी नव्हे, आमच्या चाळीच्या भिंतीचा जो रंग आहे तो. घरी येऊन दादा गॅलरीत न बसता सरळ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. तुकडी निघायला थोडेच दिवस उरले होते. बाहेर शेजारचे काका कुणाला तरी आपल्या बराकीतल्या ढेकणांबद्दल सांगत होते.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर न जाता आधी दुकानात गेले आणि विचारलं, लाडवात काय घालता? दुकानदार भला माणूस होता. त्याच्या मनात कपट नव्हतं, आणि संताप येतो तो त्याचाच. म्हणाला, मेथी, डिंक, कणीक, तूप.

"आणि गोड कशाने होतो?"

"गुळाने. अहो ताई, साखरेचा कणसुद्धा घालत नाही आम्ही. आजार साखरेचा, गुळाचा नव्हे."

मी म्हटलं, आणि श्रीखंडात? तो म्हणाला, "त्यात तर गूळही नाही. खडीसाखर घालतो. ती थंड असते."

शेजारच्या परातीत साधे मेथीचे लाडू होते. तेच तूप, तोच गूळ, तोच आकार. फरक विचारला तर म्हणाला, पथ्याचे जरा मोठे वळतो, आजारी माणसाला ताकद हवी.

मी माळ्यावर गेले आणि आमच्या कचेरीच्या वडीलधाऱ्यांना सांगितलं, याच्याविरुद्ध पत्रक काढायचं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातात त्याच दुकानाचा चहा होता. म्हणाले, "आधी मुंबई मिळू दे. लाडवाचं नंतर बघू." मी म्हटलं, मुंबई मिळेपर्यंत मुंबईतली अर्धी माणसं विटकरी होतील, त्यांना मुंबई मिळून उपयोग काय? ते म्हणाले, दुकानदार आपला आहे. आपला असला म्हणजे गूळ चालतो का, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी चहा संपवला आणि मोर्च्याच्या कामाला लागले. आपल्या चळवळीत हे असंच असायचं. सरकारला जाब विचारायला सगळे वाघ, आणि खाली दुकानात जाऊन दोन शब्द विचारायचे तर घसा बसायचा.

पत्रक मी स्वतःच्या हिमतीवर काढलं. पत्रक कसं लिहायचं ते मला पाठ होतं. पहिल्या ओळीत सवाल, दुसऱ्या ओळीत आरोप, मग पुरावा, आणि शेवटी जागे व्हा. मी लिहिलं: "गिरगावकरांनो, पथ्याचा लाडू म्हणजे काय? पथ्याचा लाडू आणि साधा लाडू यांत तिळमात्र फरक नाही! तेच तूप! तोच गूळ! तीच गोडी! उलट आकाराने मोठा! मधुमेही बांधवांनो, जागे व्हा!" खाली दुकानाची गल्ली ठळक अक्षरात. चौकशी करायला कुणाला शोधावं लागू नये म्हणून.

हे घेऊन मी आमच्या नेहमीच्या छापखान्यात गेले. आमची सगळी पत्रकं तिथेच निघायची, एकाच गुलाबी कागदावर. इतकी पत्रकं काढली होती की अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या मामांनी वेळ वाचवायला आमची शेवटची ओळ एकदाच जुळवून चौकटीत घट्ट बांधून ठेवली होती. वरचा मजकूर बदलायचा, खालची ओळ तीच. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. माझ्या पत्रकाखालीही ती आली. मी गठ्ठा उचलला आणि न बघता वाटायला दिला. वाटणाऱ्यांनीही न बघता वाटला. गुलाबी कागद म्हणजे आपला, एवढं त्यांना पुरे होतं.

ती ओळ होती: "प्रचंड संख्येने उपस्थित राहा!"

आणि गिरगाव उपस्थित राहिलं.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडापासून माणसंच माणसं. म्हातारे, मधुमेही, मधुमेह्यांच्या बायका, मोर्च्याला नियमाने येणारी मंडळी, आणि काय आहे ते बघायला थांबलेले. बरेच जण भाषणाची वाट बघत होते. एकाने मलाच विचारलं, वक्ते कोण? माझ्या हातातलं पत्रक बघून एक आजी म्हणाल्या, बरं झालं बाई कळवलंत, इतकी वर्षं आम्ही कारल्याचा रस पीत बसलो, आणि इथे तीच गोडी मिळते, वर मोठा. मी त्यांना समजावत होते की हा निषेध आहे. त्या म्हणाल्या, निषेध तर करूच, आधी लाडू घेऊ दे.

मी दुकानाच्या पायरीवर चढून ओरडले की त्यात गूळ आहे. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "गूळच आहे ना? मग उत्तम." आणि मागून टाळ्या पडल्या. भाषण झालं असं समजून लोकांनी घोषणा दिल्या. 'मुंबई आमची' झाली, 'सीमा आमची' झाली. लाडू संपले. बिस्किटं संपली. खडीसाखरेचं श्रीखंड संपलं. साधे लाडूही पथ्याचे म्हणून गेले, आणि ते खोटं होतं असं मलाही म्हणता येईना.

दुकानदार हात जोडून माझ्याकडे आला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून धंदा आहे. वडीलधारे माळ्यावरून खाली आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, बघ, आपल्या माणसाला सांभाळलं की सगळं जमतं.

हे सगळं झालं तरी घरी विटकरी नळी होतीच. मी त्या संध्याकाळी घरातला लाडवांचा डबा उचलला आणि शेजारी देऊन टाकला. आईने मान हलवली. दादांनी पत्रक पुढे केलं. ते त्यांनी नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं.

"तुयाच लिवलंस मा, फरक नाय म्हणान?"

"हो, दादा. म्हणूनच बंद."

"फरक नाय तर बंद कित्याक?"

याला उत्तर आहे. पण ते पत्रकात बसत नाही, आणि तेव्हा मला पत्रकाशिवाय दुसरं काही बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, लाडू नाही म्हणजे नाही. दादांनी उंबऱ्याबाहेर गॅलरीत चटई टाकली आणि जाहीर केलं, "पथ्याचो लाडू गावासर मी जेवचंय नाय."

उपोषण. लाडू मिळेपर्यंत, आमच्या दारात, आमच्याविरुद्ध.

आमच्या मजल्यावर उपोषण म्हटल्यावर मागणी काय हे कुणी आधी विचारायचं नाही. सगळे अनुभवी. शेजारचे काका सर्वांत आधी येऊन दादांच्या बाजूला बसले. पाणी घोट घोट प्यायचं, पडून राहायचं नाही, असं शिकवू लागले. जो माणूस दादांना खाटेवरून टोमणे मारायचा तो आता त्यांना सत्याग्रही म्हणून हाक मारत होता. दादांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. मागणी लाडवाची आहे हे कळल्यावरही कुणी उठलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं ठरलं. माझ्या आईविरुद्ध घोषणा झाल्या. आई आतून भांडी आपटून उत्तर देत होती.

दादा साखरेविना चहा आणि पाणी यांवर राहिले. शेवटी आईच बाहेर आली आणि वाटाघाटीला बसली. काकांनी मध्यस्थी केली. ठरलं ते असं: तुकडी निघेपर्यंत भाकरी, मेथीची भाजी आणि ताक. सकाळ-संध्याकाळ भोईवाड्यापर्यंत पायी फेरी. तुरुंगातून परत आल्यावर अर्धा लाडू.

दादांनी विचारलं, "पथ्याचो?"

आई म्हणाली, "खंयचोय घे. फरक नाय म्हणतत."

डॉक्टरांकडे नळी उकळली तेव्हा मी समोर होते. निळी राहिली. कडेला किंचित हिरवी झाक. डॉक्टर म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं, पथ्य कडक केलं की उतरतं. चिठ्ठी लिहून दिली. दुकानदाराला कळलं तेव्हा त्याने गल्लीभर सांगितलं की आमच्या लाडवाने एक सत्याग्रही तयार केला. मी त्याला गाठून सगळा क्रम सांगितला. लाडू होते तेव्हा विटकरी, गेले तेव्हा निळी. तो विचारात पडला आणि म्हणाला, असं आहे, काही औषधं बंद केल्यावर लागू पडतात.

दादा तुकडीबरोबर गेले. अटक झाली. त्यांनी पाठवलेल्या कार्डावर एवढंच होतं की आमटी पातळ आहे.

परत आले ते बारीक होऊन, आणि नळी निळी घेऊन. त्या संध्याकाळी गॅलरीत दादा बोलत होते आणि काका मान डोलवत होते. त्यांचा वॉर्डर सगळ्यांच्या वॉर्डरपेक्षा दुष्ट निघाला. आई कबूल केल्याप्रमाणे बशीत अर्धा लाडू घेऊन आली. दादांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला.

मी विचारलं, तिथे साखर उतरलेलीच राहिली ती कशाने, काही समजलं का? दादांनी लाडू बशीत टेकवला. म्हणाले, "थंय जेवणाक कोण पथ्य म्हणा नाय होतो. म्हणान जेवढा वाढल्यानी तेवढाच खाल्लंय."

मग त्यांनी अर्धा लाडू खाल्ला, बोटं पुसली, बशी आईकडे परत दिली आणि वॉर्डरची गोष्ट पुढे चालू केली.