एका क्रियापदावर जमलेली सोयरीक

निजामाच्या राज्यात आमच्या डोंगरकडा गावात इंग्रजी येणारा मी एकटाच होतो, आणि मला त्या भाषेतलं एकच क्रियापद येत होतं.

ते क्रियापद म्हणजे 'गेट'. हिंगोलीच्या शाळेत सगळे विषय उर्दूत, इंग्रजीच्या वाट्याला उरलासुरला तास. पण मास्तरांचा या शब्दावर फार जीव. उठायचं तर गेट अप, उतरायचं तर गेट डाऊन, भिजलं तर गेट वेट, बरं वाटलं तर गेट वेल, आणि लग्न केलं तरी गेट मॅरीड! एवढ्या एका शब्दात माणसाचं आयुष्य उरकत असेल तर बाकीची क्रियापदं पाठ करणं मला उधळपट्टी वाटली. (परीक्षकांना तसं वाटलं नाही. मी नापास होऊन शेतावर परत आलो.)

माझं नापास होणं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फारसं मनावर घेतलं नाही. पोरगं इंग्रजी शिकून आलं, असंच ते बाजारात सांगत सुटले. माझी धाकटी बहीण सरू, तिच्या लग्नाचं वसमतच्या एका घरी बोलणं सुरू झालं, तेव्हा त्यांनी पोरीच्या गुणांआधी माझं इंग्रजी सांगितलं. मुलगा नारायण, हैदराबादेत शिकलेला. घरात हळदीचा व्यापार. सरूनं त्याला एका लग्नात लांबून पाहिलं होतं. ती तोंडानं काही बोलली नाही, पण पाहुणे यायच्या दिवशी तिनं सारवलेली ओसरी पुन्हा सारवली, तेव्हा आईला काय ते समजलं.

पाहुणे आले. नारायण, त्याचे वडील आणि त्याचे मामा. मामांना पाहून आबांचा चेहराच उतरला. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क! या मामांची पोरगी लग्नाची होती आणि ती नारायणला द्यायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणजे ते आले होते ते मोडता घालायलाच. त्यातून सिकंदराबादच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर ते बरीच वर्षं माळी होते, म्हणजे इंग्रजी त्यांनाही येत असणार.

सरू पानसुपारीचं तबक ठेवून आत गेली. मामांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे वळले.

"पोरीचा भाऊ इंग्रजी शिकेल हाय म्हणं. होऊन जाऊ द्या दोन गोष्टी. हे खोटं निघालं तर बाकीचं बी खोटंच समजू आमी."

दाराआड सरूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आबा मात्र खुशीत मांडी बदलून बसले. त्यांचा माझ्यावर पुरता विश्वास होता आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"गेट अप," मामा म्हणाले.

मी उठून उभा राहिलो. मग वाटलं, हा हुकूम नसून गप्पा असतील, म्हणून पुन्हा बसलो आणि म्हणालो, "गेट डाऊन."

मामा जरा थबकले. त्यांनी गेट टी, गेट वॉटर असं काहीसं फेकलं. मी गेट वेट म्हटलं. त्यांनी आवाज चढवून गेट आऊट म्हटलं, तर मी नम्रपणे गेट वेल म्हणालो! ओसरीवर जमलेली गावकरी मंडळी माना डोलवू लागली. आणि तेव्हा मला दिसलं, मामांच्या कपाळावर घाम आला होता. साहेबानं बंगल्यावर जेवढं सुनावलं तेवढंच इंग्रजी त्यांच्यापाशी होतं. पण हे ओळखून उपयोग काय? त्यांना उघडं पाडायला पुढचं वाक्य मी कुठून आणणार? दोघांनाही थांबता येत नव्हतं आणि माझ्याकडचा साठा संपत आला होता.

"गेट मॅरीड," मी शेवटचं टाकलं.

मामांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. नारायणच्या वडिलांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते मुलाला म्हणाले, "काय बोलून राहिले रे हे? जरा उकलून सांग."

मी जमिनीकडे बघत बसलो. नारायणला खरं इंग्रजी येत होतं. आता हा आमची अब्रू वेशीवर टांगणार आणि सरू जन्मभर माझं तोंड पाहणार नाही, याबद्दल मला शंका उरली नाही.

नारायण शांतपणे म्हणाला, "मामा म्हणले, पोरगी चांगली हाय, घर बी चांगलं हाय. हे पोरीचे भाऊ म्हणले, तुमचा शब्द आमाला बराबर हाय. मग मामाच म्हणले, आजच सुपारी फोडा."

मामांनी तोंड उघडलं. पण आपण असं बोललोच नाही म्हणावं, तर मग काय बोललो ते सांगावं लागणार होतं. त्यांनी तोंड मिटलं. नारायणच्या वडिलांनी उठून मेव्हण्याला मिठीच मारली. स्वतःची पोरगी बाजूला ठेवून भाच्याचं भलं बघणारा मामा कुठं मिळतो, असं ते डोळे पुसत सांगत होते. सुपारी मामांच्याच हातून फोडवली.

बहिणीचं लग्न मी इंग्रजीच्या जोरावर जमवलं, असं पुढं कितीतरी वर्षं मी आल्यागेल्याला ऐकवत असे. सरू माहेरी आली की मुकाट्यानं ऐकून घ्यायची. एकदा मात्र मला जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, "व्हय दादा, तुझ्या इंग्रजीनंच जमलं. आमचे हे म्हणतेत, त्या बोलण्यात काही अर्थ असता तर मला माझा अर्थ त्यात घालता आला नसता."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि मराठीत गप्प बसलो.