फुटीर इलेक्ट्रॉन

लेझर लॅबमध्ये निष्कर्षांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. प्रयोग बिघडला की डेटा फेकावा लागतो, किस्सा मात्र राहतो!

आमचा उद्योग थोडक्यात असा: तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ तुकड्यावर प्रचंड तीव्र लेझर मारायचा. आतले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने मागच्या बाजूने बाहेर पडतात. सरांचा जुना पेपर म्हणतो, दोन्हींतून ते एकाच झोतात निघतात. माझ्या मोजणीत प्लास्टिकमध्ये त्या झोताच्या चिंध्या होत होत्या. पीएचडीचं तिसरं वर्ष, आणि मी गाईडलाच चूक ठरवायला निघालेले!

*

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सर चष्मा पुसत म्हणाले, "इलेक्ट्रॉन फुटीर निघाले म्हणतेस? किती शॉट?"

"एक."

"एकाने सरकार पडत नाही. शंभर आण!"

*

प्रत्येक शॉटने टार्गेटला, म्हणजे त्या पातळ तुकड्याला, भोक पडतं, म्हणून ते दर वेळी थोडं सरकवायचं असतं. घाईत मी सरकवणारी मोटर चालूच केली नाही. सलग बारा शॉट, इलेक्ट्रॉन शून्य!

आमचे टेक्निशियन सावंतकाका राहायला लालबागला, पण बोलणं अजून मालवणचं. त्यांनी टार्गेट दिव्यासमोर धरलं. "गो बाय, भोकात लेझर मारून काय गावतला?"

*

इलेक्ट्रॉनची छाप ज्या प्लेटवर उमटते, ती उजेडात पुसली जाते. स्कॅन होईपर्यंत तिला अंधारातच ठेवायचं. एकदा स्कॅनआधीच घोडपदेवहून आईचा व्हिडिओ कॉल. "दाखव तरी, दिवसभर करतेस काय!"

मी उत्साहाने प्लेट खिडकीशी नेली. "हे बघ!"

"हा तर कोरा पुठ्ठा."

स्कॅन केल्यावर खरंच कोरा!

*

शंभर शॉट झाले. प्लास्टिकच्या प्रत्येक शॉटमध्ये चिंध्या. सरांनी सगळे आलेख पाहिले आणि सेमिनारच्या यादीत माझं नाव घातलं.

सावंतकाकांनी हळूच विचारलं, "सरांच्या तोंडार बोलशील?"

"बोलणार! नाहीतर शंभर भोकं कशाला पाडली?"

*

सेमिनारमध्ये पहिल्या रांगेतले एक पाहुणे प्राध्यापक उसळले. "याच्या बरोबर उलटं छापून आलंय! वाचलंत?"

"वाचलंय."

"मग ते चूक? लेखकाला विचारलंत का?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून सरांचा आवाज आला.

"विचारलंय तिने. लेखक चुकला होता. पुढची स्लाईड लाव गं!"